तिसऱ्या बेसवर थांबलेला गॉर्डन

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय बेसबॉल. रेडिओ बंद करू नका. ज्याला क्रिकेट कळतं त्याला बेसबॉल समजायला दोन मिनिटं पुरतात, ती आधीच उरकून टाकू.

चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस. चेंडू टाकणारा तो पिचर, मारणारा बॅटर. बॅटर निघतो चौथ्या कोपऱ्यावरून, म्हणजे होम प्लेटवरून, आणि बाकीचे तिन्ही बेस फिरून पुन्हा होम प्लेटला आला की एक धाव. तीन आउट झाले की बाजू पालटते. दोन्ही बाजू एकेकदा खेळल्या की एक इनिंग, अशा नऊ. मारलेला चेंडू रेषेबाहेर उडाला आणि कोणी झेलला, तरी बॅटर आउट. आणि दोन बेसमधलं अंतर ९० फूट, साधारण साडेसत्तावीस मीटर. नव्वद फूट. हा आकडा लक्षात ठेवा, आज तोच कामाचा आहे.

तर संघ कॅन्सस सिटी रॉयल्स. अमेरिकेच्या मधोमध, मिसुरी राज्यातलं शहर. १९८५ साली या संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली, आणि त्यानंतर २०१४ उजाडेपर्यंत तो एकदाही बाद फेरीपर्यंत पोहोचला नव्हता. शाळेतली मुलं मोठी झाली, त्यांची मुलं शाळेत गेली, संघ आपला तिथेच.

२०१४ चा हंगामही जुलैपर्यंत तसाच रडतखडत चालला होता. २१ जुलैला हिशेब होता ४८ विजय आणि ५० पराभव. तिथून गाडी अशी सुटली की शेवटी १६२ सामन्यांत ८९ विजय झाले. गटात डेट्रॉइटचे ९०. एका विजयाने गटविजेतेपद हुकलं, म्हणून मागच्या दाराने, वाइल्ड कार्ड नावाच्या एका सामन्याच्या परीक्षेतून, आत शिरावं लागलं.

या संघाची तऱ्हा सगळ्यांपेक्षा निराळी होती. होमरन म्हणजे आपला षटकार समजा. रॉयल्सनी अख्ख्या हंगामात ९५ होमरन मारले, तीस संघांत सगळ्यांत कमी. पण स्टील १५३, तीस संघांत सगळ्यांत जास्त. पिचर चेंडू टाकतोय तेवढ्यात धावत सुटायचं आणि पुढचा बेस गाठायचा, याला म्हणतात स्टील. आपल्याकडे हल्ली कोणत्याही सामन्याचा सारांश षटकार किती आणि कोणता किती मीटर लांब गेला यावर संपतो. चोरटी एकेरी धाव काढणाऱ्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही. असो. हा संघ त्या चोरट्या धावांवर जगत होता.

दुसरी ताकद शेवटच्या तीन इनिंगची. सातवीत केल्विन हेरेरा, आठवीत वेड डेव्हिस, नववीत ग्रेग हॉलंड. पिचरची किंमत मोजतात दर नऊ इनिंगला सरासरी किती धावा दिल्या त्यावरून. तीनच्या खाली आकडा म्हणजे उत्तम. या तिघांचे आकडे १.४१, १.०० आणि १.४४. म्हणजे सहा इनिंगनंतर रॉयल्स पुढे असले की समोरच्याने सामान आवरायला घ्यावं.

वाइल्ड कार्डचा सामना झाला ३० सप्टेंबरला, ओकलंडविरुद्ध. आठव्या इनिंगमध्ये रॉयल्स ७-३ ने मागे. तिथून स्टीलवर स्टील करत, एका सामन्यात सात स्टील, बाराव्या इनिंगमध्ये ९-८ ने जिंकले. विजयी फटका यष्टिरक्षकाचा, म्हणजे कॅचर साल्वादोर पेरेझचा. हे नावही लक्षात ठेवा. मग मालिकांमध्ये एंजल्सना तीन शून्य, ओरिओल्सना चार शून्य. सलग आठ विजय, आणि संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये.

समोर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. सात सामन्यांत चार जिंकायचे. सहा सामन्यांनंतर तीन-तीन बरोबरी. सहावा तर रॉयल्सनी १०-० असा धुऊन काढला होता. सातवा आणि शेवटचा सामना २९ ऑक्टोबरच्या रात्री, कॅन्सस सिटीतच. आपल्याकडे तेव्हा ३० तारखेची पहाट, साडेपाच वाजून गेलेले.

त्या सामन्याचा धावफलक सांगून टाकतो. दुसऱ्या इनिंगमध्ये दोन-दोन. चौथ्यात जायंट्सची एक धाव, तीन-दोन. त्यानंतर कोणाचीच धाव नाही. रॉयल्सच्या त्या तीन गोलंदाजांनी आपलं काम चोख केलं: हेरेराने जवळपास पावणेतीन इनिंग सांभाळल्या, डेव्हिसने दोन, हॉलंडने एक. त्या एका धावेनंतर जायंट्सना काही मिळालं नाही. तीन-दोन.

पण पाचव्या इनिंगला जायंट्सनी मॅडिसन बमगार्नरला आणला. हा डावखुरा पिचर तीनच दिवस आधी, २६ तारखेला, पूर्ण नऊ इनिंग टाकून एकही धाव न देता जिंकला होता. ११७ चेंडू टाकले होते. सुरुवातीपासून टाकणाऱ्या पिचरला एरवी चार दिवसांची विश्रांती देतात, कारण खांदा आणि कोपर त्याशिवाय सावरत नाहीत. याला मिळाले दोन दिवस. आणि हा पाच इनिंग टाकून गेला, ६८ चेंडू.

इथे मला एक बोलायचंच आहे. बमगार्नर आला आणि पहिल्याच बॅटरने, इन्फान्तेने, फटका मारून पहिला बेस गाठला. पिचर अजून लयीत यायचाय, नेम बसायचाय. अशा वेळी पुढच्या बॅटरने, एस्कोबारने, काय करावं? बंट. म्हणजे चेंडू नुसता बॅटला लावून जवळ पाडायचा, स्वतः आउट व्हायचं आणि आधीच बेसवर असलेल्याला एक बेस पुढे सरकवायचं. समोरच्याला पंधरा आउट काढायचेत, त्यातला एक आपण आयता द्यायचा! बंट हा प्रकार मला कधीच पटलेला नाही, आणि त्या रात्री तर मुळीच नाही. त्या बंटपासून बमगार्नरने ओळीने १४ जणांना आउट केलं.

आता या. नववी इनिंग. तीन-दोन. होस्मर आउट, बटलर आउट. दोन आउट झालेले, आणखी एक आउट की सगळं संपलं. आपल्याकडे सकाळचे साडेआठ होऊन गेलेले.

बॅटला ॲलेक्स गॉर्डन. त्याने चेंडू डावीकडे आणि मधोमध यांच्यामध्ये मारला. साधा फटका, एका बेसचा. मध्ये उभा असलेला क्षेत्ररक्षक ग्रेगॉर ब्लांको पुढे धावला. चेंडू समोर टप्पा पडू द्यायचा की झेलायला झेपावायचं, यात तो गोंधळला, आणि चेंडू त्याच्या बाजूने निसटून मागे गेला. मागे म्हणजे थेट भिंतीपर्यंत, कारण तिथे मागे कोणी नसतं. डावीकडचा हुआन पेरेझ धावत भिंतीपाशी पोहोचला, तर त्याच्याही हातून चेंडू निसटला. दोन चुका, एका चेंडूवर.

गॉर्डन तोवर पहिला बेस ओलांडून दुसऱ्याकडे. दुसऱ्या बेसजवळ त्याचा पाय किंचित अडखळला. सावरला, तिसऱ्याकडे निघाला. तिसऱ्या बेसशेजारी रेषेबाहेर उभा असतो तिथला कोच, माइक जिर्शेली. त्याचं काम एकच: पळणाऱ्याला हात फिरवून पुढे पाठवायचं, नाहीतर दोन्ही हात वर करून थांबवायचं. पळणारा मागे वळून चेंडू बघत नाही, बघितलं तर वेग मोडतो. तो फक्त कोचचे हात बघतो.

जिर्शेलीने दोन्ही हात वर केले. थांब.

गॉर्डन तिसऱ्या बेसवर थांबला. होम प्लेट नव्वद फुटांवर. बरोबरीची धाव नव्वद फुटांवर.

आणि तेव्हापासून कॅन्सस सिटीत एकच वाद: पाठवायला हवं होतं का?

हिशेब करू. गॉर्डन तिसऱ्या बेसवर पोहोचत होता त्या सुमारास चेंडू होता ब्रँडन क्रॉफर्डच्या हातात. क्रॉफर्ड हा जायंट्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, फेक जोरदार आणि नेम पक्का. भिंतीवरून आलेली फेक मध्येच घेऊन पुढे फेकायला तो बाहेरच्या गवतात जाऊन उभा होता. गॉर्डनला अजून नव्वद फूट, साडेसत्तावीस मीटर. पूर्ण वेगात आलेला खेळाडू सेकंदाला साडेसात मीटर जातो असं धरलं तर साडेतीन सेकंदांहून थोडं जास्त. आता क्रॉफर्ड. समजा होम प्लेट त्याच्यापासून साठ मीटरवर. ताशी १३० किलोमीटरने फेक म्हणजे सेकंदाला ३६ मीटर, वाटेत वेग थोडा कमी होणार, धरा दोन सेकंद. वळून हात मागे घ्यायला एक सेकंद. झाले तीन. गॉर्डनला साडेतीन, चेंडूला तीन. आणि होम प्लेटवर कॅचर बस्टर पोझी, हातात चेंडू घेऊन वाट बघत उभा राहिला असता. अर्धा सेकंद म्हणजे जवळजवळ चार मीटर.

पाठवलं नाही ते बरोबरच, असं म्हणायचं ना? थांबा, दुसरी बाजूही तितकीच खरी. दोन आउट झाले असताना तिसऱ्या बेसवरचा खेळाडू धाव पूर्ण करतो असं किती वेळा होतं? मोठ्या लीगमधला ढोबळ आकडा चारातून एकदा. चारातून एकदा! आणि पिचर सामान्य असेल तेव्हाचा हा आकडा, बमगार्नर समोर असताना आणखी कमी. म्हणजे क्रॉफर्डची फेक पाचातून एकदा जरी चुकेल असं वाटलं, तरी पाठवणं फायद्याचं. त्या चेंडूवर आधीच दोन जण चुकले होते, तिसरा चुकला नसता कशावरून? आकडेवाल्यांनी नंतर हेच मांडलं, आणि कागदावर त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

तरीही माझं मत जिर्शेलीच्या बाजूने. चुकले ते दोघे पळता पळता, तिरक्या चेंडूवर. क्रॉफर्ड चेंडूची वाट बघत तयारीत उभा होता. असा शॉर्टस्टॉप पाचातून एकदा चुकत नाही, दहातून एकदाही नाही. आणि कोचला निर्णय घ्यायला मिळतो तो पळणारा तिसऱ्या बेसच्या अलीकडे चार-पाच पावलं असेपर्यंत. त्यानंतर थांबवलं तर तो बेसच्या पलीकडे जाऊन मध्येच सापडतो. जिर्शेलीच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी क्रॉफर्डच्या हातातला चेंडू होता. पाठवला असता तर वर्ल्ड सिरीज होम प्लेटच्या दहा-बारा फूट अलीकडे संपली असती, आणि त्याचा फोटो प्रत्येक क्रीडा पानावर वर्षानुवर्षं छापत बसले असते.

मग पुढचा बॅटर. साल्वादोर पेरेझ, वाइल्ड कार्डवाला. अख्ख्या मालिकेत बमगार्नरच्या २१ इनिंगमध्ये रॉयल्सना एकच धाव मिळाली होती, ती पहिल्या सामन्यातली, या पेरेझच्याच होमरनवर. पण त्या रात्री दुसऱ्या इनिंगमध्ये चेंडू पायावर बसून तो लंगडत होता. शिवाय छातीच्या वर आलेल्या चेंडूवर बॅट फिरवायची त्याची खोड सगळ्या लीगला माहीत. बमगार्नरने तेच केलं. वेगवान आणि उंच. पुन्हा वेगवान आणि उंच. शेवटचा उंच चेंडू बॅटच्या वरच्या भागाला लागून सरळ आभाळात गेला, तिसऱ्या बेसच्या बाजूला, रेषेबाहेर. गॉर्डन उभा होता त्याच्या अगदी जवळ. खाली पाब्लो सँडोव्हाल. झेल. तीन-दोन.

दोष कोणाला द्यायचाच असेल तर नवव्या इनिंगपेक्षा तिसरी बघा, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बरोबरी होती, दोन-दोन. पहिल्या बेसवर रॉयल्सचा केन. होस्मरने मधोमध जमिनीलगत फटका मारला, नक्की फटका. जायंट्सचा जो पॅनिक, नवखा पोरगा, आडवा झेपावला आणि चेंडू ग्लव्हमधूनच क्रॉफर्डकडे ढकलला. क्रॉफर्डने एक आउट करून पहिल्या बेसला फेकला. होस्मरने पहिल्या बेसवर डोक्याकडून सूर मारला. पंचाने सेफ दिलं, जायंट्सनी रिप्ले मागितला, आणि निर्णय फिरला: दुहेरी आउट. फरक बोटभराचा. पहिल्या बेसवर कधी सूर मारू नये, कारण झेप घेतली की पाय जोर लावायचे थांबतात आणि अंग जमिनीला घासतं. सरळ पळत बेस ओलांडायला परवानगी असते, मग उडी कशाला? मुलांना शिकवतात हे. आणि भर सामन्यात मोठेही विसरतात.

पुढच्या वर्षी, २०१५ ला, हाच संघ पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये आला, न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध. पाचव्या सामन्याची नववी इनिंग, रॉयल्स एका धावेने मागे, तिसऱ्या बेसवर होस्मर. बॅटला पुन्हा तोच साल्वादोर पेरेझ. त्याने तिसऱ्या बेसकडे हळू फटका मारला, डेव्हिड राइटने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला, आणि फेक हातातून सुटल्याबरोबर होस्मर होम प्लेटकडे सुटला. पहिल्या बेसवरच्या लुकस डूडाने घाईत होम प्लेटकडे चेंडू फेकला तो कॅचरपासून लांब. दोन-दोन. बाराव्या इनिंगमध्ये रॉयल्स ७-२ ने जिंकले आणि मालिका चार-एक. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू साल्वादोर पेरेझ. आणि होस्मरच्या त्या धावेचा हिशेब केला तर डूडाची फेक सरळ गेली असती तर तो आरामात आउट होता.