इसार देण्याआधी इंजिन ऐका

(दृश्य: परभणी. डिसेंबरातली पहाट. अंगणात उभी पांढरी डिझेल गाडी, काचांवर दव.)

जुनी गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर तळहात ठेवा. चावी अजून लावायची नाही. पत्रा गार लागला पाहिजे. मग बॉनेट उघडायला सांगा आणि रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपाला हात लावा. तोही गार हवा. पाइप कोमट लागला, तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी गाडी सुरू करून ठेवली होती. जे ऐकायला तुम्ही इतक्या सकाळी आलात, ते आज ऐकायला मिळणार नाही. चहा घ्या, उद्या येतो म्हणा, आणि गाडीची चावी कुणी फिरवणार नाही एवढं कबूल करून घ्या.

मराठवाड्यात जुन्या गाड्यांची उलाढाल दिवाळीनंतर वाढते. सोयाबीन विकलेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, उसाचं बिल पुढे यायचं असतं आणि घरात एखादं लग्न ठरलेलं असतं. घेणारा रंग बघतो, टायर बघतो, रनिंग किती झालं ते विचारतो, एसी लावून बघतो. इंजिनाचा आवाज मात्र पुष्कळांना गाडी घरी आल्यावर ऐकू येतो. तोवर पैसे गेलेले असतात. वर्षभराच्या पिकाचा पैसा एका खटखटीत जाताना आम्ही पाहिला आहे, म्हणून या फिल्ममध्ये आम्ही आवाजावरच थांबणार आहोत.

(दृश्य: उस्ताद डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालतात, बाहेर काढून बोटांत ऑइल चोळतात.)

हयात गॅरेजात गेलेले हे उस्ताद आमच्यासोबत आहेत. चावी पहिल्या खटक्यावर नेली की ते आधी मीटरकडे बघतात. ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर तो एक-दोन सेकंदांत विझला पाहिजे. सुरू करण्याआधी दिवा लागलाच नाही, तर मीटर कुणीतरी उघडलेलं असू शकतं. तिथून पुढे प्रत्येक गोष्ट संशयानं बघा.

(आवाज: स्टार्टर. इंजिन सुरू. निवेदन थांबेल.)

रात्रभर गाडी उभी असली की ऑइल निथळून खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, जमतं. पंप ते वर चढवेपर्यंतच्या त्या पहिल्या सेकंदांत लोखंडाला लोखंड लागतं. जिथे झीज झाली आहे तिथे तेवढ्यात आवाज होतो. दोन-तीन सेकंद खडखड होऊन शांत झाली, तर बहुधा टायमिंग चेन (इंजिनाच्या तालात व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये किंवा व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ऑइल भरायला वेळ लागला. खडखड दहा-पंधरा सेकंद टिकली आणि ती इंजिनाच्या एका टोकाला, चेनच्या कव्हरच्या बाजूला असली, तर चेन सैल पडली आहे. चेन निसटली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. तेव्हा चेनचा खर्च आताच किमतीत धरायचा.

विकणारे दादा लगेच म्हणतात, "भाऊ, थंडीत डिझेल गाडी थोडी वाजतेच."

उस्ताद म्हणतात, "वाजू द्या. किती वेळ वाजायलीय ते बघू."

दोघांचंही बरोबर आहे. गार डिझेल इंजिनाचा टरटर आवाज सगळ्या इंजिनातून सारखा येतो आणि तापेल तसा उतरतो. त्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते एकाच जागेवरून, एकाच तालात येणाऱ्या आवाजाला.

(दृश्य: लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनाच्या हेड कव्हरवर, मूठ उस्तादांच्या कानामागच्या हाडाला.)

गॅरेजात हाच स्टेथोस्कोप. टोक जिथे टेकवाल तिथला आवाज मुठीतून थेट हाडात येतो. उस्ताद आधी वर, हेडजवळ ऐकतात, मग खाली सम्पजवळ. मधल्या वेळात बोलत नाहीत. आम्ही माइक त्यांच्या कानाजवळ नेला, पण त्यांना जे ऐकू येत होतं ते माइकमध्ये पुरतं उतरलं नाही. हे तुम्ही स्वतः करणार असाल तर खांद्यावरचा रुमाल, उपरणं, ओढणी काढून बाजूला ठेवा. पट्ट्यापासून हात दूर ठेवा, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे लक्षात असू द्या.

"आवाज वरून यायलाय," उस्ताद सांगतात. "टिकटिक आहे. टॅपेट."

वरचा आवाज आणि खालचा आवाज, या फरकावर लाखाचा हिशेब अवलंबून असतो. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं. व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्यानं, म्हणजे 400 फेरे घेतो. म्हणून टॅपेटची टिकटिक संथ आणि बारीक असते, वरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते आणि रेस वाढवली की तिचा ताल वाढतो. पुष्कळ गाड्यांत ते सेटिंगचं काम असतं, इंजिन खोलावं लागत नाही. एग्झॉस्टच्या मॅनिफोल्डची गॅस्केट गेली तरी अशीच टिकटिक येते. तिथे जोडाशी काळी काजळी दिसते, आणि लोखंड तापून फुगलं की आवाज कमी होतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत इंजेक्टरची टिकटिक तर जन्मजातच असते.

आता खालचा आवाज. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला खालचा फिरणारा दांडा, आणि त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये बेअरिंग असतं आणि त्यात मिलीमीटरच्या काही शतांशांएवढीच फट असते. ती फट ऑइलनं भरलेली असते, म्हणून धातू धातूला लागत नाही. ऑइल वेळेवर बदललं नाही, कमी पडलं किंवा कचऱ्यानं भरलं की बेअरिंग झिजतं आणि फट वाढते. मग प्रत्येक फेऱ्याला रॉड क्रँकवर आपटतो. बंद दारावर मुठीनं ठोकावं तसा तो आवाज येतो, जड आणि खोल.

(आवाज: रॉडचा ठोका, रेस मिनिटाला सुमारे 2500 फेऱ्यांवर धरून सोडताना. हा नमुना दुसऱ्या गाडीचा, गॅरेजात दुरुस्तीला आलेली.)

ऐकलंत? रेस धरली असताना तो थोडा दबतो आणि पाय सोडला की मोकळा होतो. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची आहे. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, आणि हा ठोका वाढतो. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असेल तर उलटं होतं. तो आवाज गार असताना मोठा असतो, ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की फट भरते आणि आवाज मिटतो. तापल्यावर कमी होणाऱ्या आवाजाशी घासाघीस करता येते. तापल्यावर वाढणारा खोल ठोका असेल तर, आमच्या मते, किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडावी. क्रँक काढून घासायला लागेल आणि गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा इंजिनातच जाईल.

(दृश्य: मे महिन्यातला रस्ता. धूळ. बोअरच्या नळावर भरली जाणारी बाटली, ती रेडिएटरमध्ये ओतली जाते.)

आपल्याकडे इंजिनं लवकर का वाजतात, याचं उत्तर बरंचसं या दोन चित्रांत आहे. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरमधून निसटून आत गेली की रिंगा आणि बोअर घासते. दुसरं पाणी. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. कुलंटऐवजी तेच घालत राहिलं की रेडिएटरच्या आत खार बसतो, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना इंजिन उकळतं. एकदा उकळलेल्या इंजिनाचे पिस्टन, हेड, गॅस्केट सगळंच दुखावलेलं असतं. इंजिन गार असतानाच, आणि गारच असताना, रेडिएटरचं झाकण उघडून बघा. हिरवं किंवा लाल स्वच्छ कुलंट असेल तर मालकानं गाडी जपली आहे. गंजाचं तांबूस पाणी असेल तर मालक काहीही सांगो.

तिसरी गोष्ट नव्यानं सांगावी लागते. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यातल्या नद्यांनी पात्रं सोडली, गावंच्या गावं पाण्यात गेली, आणि दारातल्या गाड्याही. पाण्यात उभी राहिलेली गाडी कुणी तशीच सुरू केली तर हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी पुढे चालतही राहते, फक्त आतून ठोका येतो. अशा गाडीत सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. धुऊन-पुसून गाडी चकाचक केली तरी बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्टीत मातीची रेघ राहून गेलेली असते.

(दृश्य: गाडी रस्त्यावर. काचा वर, टेप बंद.)

पंधरा-वीस किलोमीटर चालवल्याशिवाय परत यायचं नाही. आवाज दाबण्यासाठी काहीजण पातळ 5डब्ल्यू-30 च्या जागी 20डब्ल्यू-50 सारखं जाड ऑइल भरतात किंवा डबीतलं औषध ओततात. गार असताना, जागेवर उभ्या गाडीत ते काम करतं. दाबून चालवून इंजिन पुरतं तापलं की खरा आवाज वर येतो.

आणि चढ लागतो. बीडच्या माणसाला मांजरसुंब्याचा घाट आहे, कन्नडच्या माणसाला औट्रम घाट. परभणी-नांदेडच्या सपाट मुलखात उड्डाणपूल गाठा, नाहीतर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 25-30 ला येऊन एक्सिलरेटर दाबा. पेट्रोल गाडी खुळखुळली तर सिलिंडरमधला जाळ वेळेआधी भडकतो आहे. आत साठलेला कार्बन, चुकीचं टायमिंग, नाहीतर इंजिन जास्त तापणं, कारण काढावं लागेल. डिझेल गाडीच्या टर्बोची हलकी शिट्टी चालते. तिचा भोंगा झाला असेल तर टर्बोच्या शाफ्टमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला आहे.

क्लचवर पाय दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. एसी लावल्यावर नवा आवाज आला तर कॉम्प्रेसर. पट्टा किंचाळला तर पट्टा किंवा त्याची पुली. ही कामं खर्चाची असली तरी इंजिनाबाहेरची आहेत, किमतीतून वळती करून घ्या.

वाटेत हॉटेलवर थांबा, गाडी बंद करा, पंधरा-वीस मिनिटं बसा आणि पुन्हा सुरू करा. आता ऑइल सर्वांत पातळ आहे. आयडलिंगला लाल दिवा लुकलुकतो का, खालून ठोका येतो का, एवढंच बघायचं. सोबत मेहुणे, चुलते असतात, गप्पा रंगतात. या एका मिनिटासाठी सगळ्यांना गप्प बसवा.

(दृश्य: इंजिनावर कोरलेला नंबर. शेजारी धरलेलं आरसी कार्ड.)

इंजिन आधीच खोलून पुन्हा बांधलेलं असेल तर ते वाईट समजू नका. चांगल्या हातानं बांधलेलं इंजिन पुष्कळ चालतं. पण बिल मागा. क्रँक घासला असेल तर बेअरिंग 0.25 की 0.50 मिलीमीटर अंडरसाइझचं (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारं) घातलं हे त्या मिस्त्रीला माहीत असतं, त्याला फोन लावून विचारता येतं. इंजिनच बदललेलं असेल तर इंजिनावरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे, नाहीतर आरटीओत गाडी नावावर होताना अडेल.

एवढं झाल्यावर इसार. आणि इसारपावतीवर गाडीच्या नंबराखाली इंजिन नंबर, चासी नंबर आणि ही ओळ लिहून घ्या: गाडी घेणाऱ्याच्या मिस्त्रीला गार इंजिनावर दाखवली, तारीख अमुक, आढळलेला आवाज अमुक. खाली दोघांच्या सह्या.