टूशे आमोरेचा 'स्टेज फोर'

श्रोतेहो, नमस्कार.

लॉस एंजलिसच्या टूशे आमोरे या बँडचा 'स्टेज फोर' हा अल्बम सप्टेंबर २०१६ मध्ये आला. बँडचा हा चौथा अल्बम, पण नावातला चौथा टप्पा कॅन्सरचा आहे. गायक जेरेमी बोल्मची आई ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी कॅन्सरनं गेली. आई कॅलिफोर्नियात होती आणि मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला, स्टेजवर गात होता. खाली उतरल्यावर त्याला बातमी कळली. 'एट सेकंड्स' या गाण्यात तो हे सगळं सांगतो, आणि ते गाणं पुरतं दोन मिनिटांचंही नाही.

हा बँड मेलडिक हार्डकोअर वाजवतो. या प्रकारात ड्रम पंक रॉकच्या वेगानं धावतात, गायक बेंबीच्या देठापासून ओरडतो आणि गिटारी मात्र सुरेल असतात. हा आरडाओरडा कशासाठी, असं अनेकांना वाटतं. मला वाटतं, आईचं शेवटचं दर्शन हुकलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलता आलं असतं? त्यात निर्माता ब्रॅड वूडनं वाद्यांना पुरेशी मोकळी जागा दिली आहे, त्यामुळे एवढ्या गदारोळातही शब्द हरवत नाहीत. काही ठिकाणी तर बोल्म ओरडणं थांबवून खालच्या पट्टीत चक्क गातो. आधीच्या अल्बममध्ये हे असं ऐकू येत नव्हतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'पाम ड्रीम्स'. आई तरुणपणी नेब्रास्का सोडून कॅलिफोर्नियात आली होती. का आली, कशाच्या ओढीनं आली, हे आपण तिला कधी विचारलंच नाही, हे मुलाला ती गेल्यावर उमगतं. असा प्रश्न तुमच्याही मनात असेल, आणि उत्तर देणारं माणूस अजून घरात असेल, तर आज रात्रीच विचारा.

आई श्रद्धाळू होती, मुलगा नाही. ही दरी अल्बमभर जाणवत राहते, आणि ती बुजवायची घाई तो करत नाही. 'सुटली बिचारी' म्हणून समजूत घालणारा एकही सूर इथे नाही. आपण तिथे नव्हतो, हा सल शेवटपर्यंत तसाच राहतो. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

ऐकायचाच असेल तर 'फ्लॉवर्स अँड यू'पासून क्रमानं ऐका. अकरा गाणी आहेत, पस्तीसेक मिनिटांत होतात. दुसऱ्याच गाण्यात, 'न्यू हॅलोवीन'मध्ये, तो सांगतो की आईनं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेला शेवटचा निरोप, म्हणजे व्हॉइसमेल, ऐकायचं धाडस अजून झालेलं नाही. अकराव्या 'स्कायस्क्रेपर'मध्ये गायिका ज्युलियन बेकरचा आवाज त्याच्या जोडीला येतो. त्याच्या व्हिडिओत बोल्म रिकामी व्हीलचेअर ढकलत न्यूयॉर्कमधून चालतो. आणि गाणं संपता संपता तो निरोप आपल्यालाही ऐकू येतो, रोजच्यासारखा, अगदी साधा. म्हणून सांगतो, थेट शेवटच्या गाण्यावर उडी मारू नका. आधीची दहा गाणी कानावरून गेली असतील, तरच तो निरोप पोचतो.

आता ऐकू या, 'पाम ड्रीम्स'.