यान चिखोल्ड: कायदा लिहिणारा आणि फिरणारा

मंडळी, ग्राफिक डिझाइनमधला आधुनिकतावाद म्हटलं की आधी बाउहाउस या जर्मन कलाशाळेचं नाव निघतं. आज मात्र मी यान चिखोल्डबद्दलच बोलणार आहे. या चळवळीचा कायदा त्यानं लिहिला आणि पुढे तिच्याविरुद्ध साक्षही त्यानंच दिली.

जन्म १९०२चा, लाइपझिगचा. वडील पाट्या रंगवायचे, पोरगा सुलेखनात तयार झालेला. १९२३ साली वायमारला बाउहाउसचं प्रदर्शन पाहिलं आणि तो पार झपाटला. इतका, की काही काळ त्यानं स्वतःचं नाव रशियन धर्तीवर ‘इवान’ करून टाकलं! १९२८ मध्ये बर्लिनहून त्याचं ‘नवी टायपोग्राफी’ (टायपोग्राफी म्हणजे छापील अक्षरांची मांडणी) हे पुस्तक निघालं. ते लिहिलं होतं छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांसाठी, कलासमीक्षकांसाठी नव्हे. मजकूर मधोमध रचू नका, मांडणी असमान ठेवा, म्हणजे काय आधी वाचायचं ते अर्थावरून ठरेल. अक्षरांना सेरिफ, म्हणजे टोकांना काढलेल्या छोट्या रेघा, नकोत, वेलबुट्टी नको. कागद प्रमाणित मापाचा. आपला रोजचा ए-फोर त्याच मापांतला.

नाझींच्या लेखी हा सगळा ‘सांस्कृतिक बोल्शेविकवाद’, म्हणजे कलेतला साम्यवाद. मार्च १९३३ मध्ये म्युनिकमध्ये त्याला अटक झाली. सुटल्यावर बायको-मुलाला घेऊन त्यानं स्वित्झर्लंडमधलं बाझेल गाठलं.

आणि तिथे हळूहळू तो मधोमध रचलेल्या मजकुराकडे, सेरिफच्या अक्षरांकडे परतला. १९४६ मध्ये माक्स बिल या स्विस डिझायनरनं त्याला जाहीरपणे फैलावर घेतलं. चिखोल्डचं उत्तर बोचरं होतं: आमच्या त्या चळवळीतली असहिष्णुता जर्मनांच्या टोकाला जाण्याच्या वृत्तीशी, त्यांच्या लष्करी शिस्तीच्या हट्टाशी जुळणारी होती. मला हे अर्धंच पटतं. दुराग्रह होता, कबूल. पण असमान मांडणीनं कुणाला तुरुंगात टाकलं नव्हतं. उलट तिच्यापायी हाच आत गेला होता.

१९४७ ते १९४९ तो लंडनला पेंग्विन या प्रकाशन संस्थेत होता. मुखपृष्ठावरचे तीन पट्टे त्यानं मोडले नाहीत, सुधारले. खरं काम आतल्या पानांत. पुस्तकं निरनिराळ्या छापखान्यांत छापली जायची आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यानं चार पानी नियमावली काढली: कॅपिटल अक्षरांत अंतर किती, विरामचिन्हांनंतर जागा किती, परिच्छेद कुठून सुरू. पानं दिसायला पारंपरिक, पण सगळ्या छापखान्यांना एकच माप लावण्याची ही खोड १९२८चीच, असं माझं मत.

तीच खोड १९६७च्या त्याच्या सॅबन या अक्षरसंचात दिसते. वळण सोळाव्या शतकातल्या गारामाँ या फ्रेंच अक्षरकाराचं. अट मात्र अशी, की हातानं जुळवा, मोनोटाइपवर जुळवा की लायनोटाइपवर (ही दोन्ही खिळे जुळवण्याची यंत्रं), ओळ सारखीच भरली पाहिजे. लायनोटाइपवर एका अक्षराला शेजारच्याच्या जागेत झुकता येत नाही. म्हणून सॅबनमधल्या छोट्या ‘एफ’ची मान आखडलेली आहे, गारामाँच्या ‘एफ’शेजारी ठेवून पाहा.