तीन वर्षांची डिग्री, चार वर्षांची डिग्री आणि १९०५ सालचं एक पेन्शन

मागे खुर्च्या आहेत अजून, या पुढे. विषय ठरलाय "अमेरिकेत तीन वर्षांची डिग्री हवी का", त्यावर मी येणारच आहे, पण आधी मला पेन्शनबद्दल बोलायचंय. हो, पेन्शनच. इथली चार वर्षांची डिग्री तीन वर्षांची करावी का, हे आजचं भांडण, आणि पेन्शनची गोष्ट कळल्याशिवाय ते कळत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि इथे निम्म्या लोकांची पोरं कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत म्हणून ती नीटच सांगतो.

पोलादवाले अँड्र्यू कार्नेगी १८९० मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीचे ट्रस्टी झाले आणि प्रोफेसरांचे पगार बघून त्यांना धक्काच बसला, की एवढी शिकलेली माणसं आणि म्हातारपणाची काहीच सोय नाही. मग १९०५ मध्ये त्यांनी एक कोटी डॉलर काढून दिले, कॉलेजच्या मास्तरांना फुकट पेन्शन. एमआयटीचे प्रेसिडेंट हेन्री प्रिचेट त्यासाठी काढलेल्या कार्नेगी फाउंडेशनचे प्रमुख झाले, हार्वर्डचे एलियट विश्वस्तांचे अध्यक्ष. पैसे तयार, माणसं तयार, आणि तेव्हा प्रश्न आला की पेन्शन द्यायचं कुणाला? कारण त्या काळी कुणीही पाटी लावायचं "कॉलेज" म्हणून आणि आत हायस्कूलचं शिक्षण चालायचं. म्हणून अटी घातल्या. कमीत कमी सहा पूर्णवेळ प्रोफेसर पाहिजेत, चर्चच्या ताब्यातलं कॉलेज चालणार नाही (पेन्शनपायी काही कॉलेजांनी चर्चशी असलेलं नातं तोडलं, विचार करा!), आणि प्रवेशाला येणाऱ्या पोराने हायस्कूलमध्ये १४ युनिटं केलेली पाहिजेत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षाला १२० तास.

झालं. कॉलेजांना पेन्शन पाहिजे होतं म्हणून त्यांनी युनिट मागितलं, शाळांना आपली पोरं त्या कॉलेजांत पाठवायची होती म्हणून त्यांनी युनिट दिलं, कुणी कायदा केला नाही, कुणी मत मागितलं नाही, आणि बघता बघता सगळा देश तासात मोजायला लागला. युनिटची कल्पना आधीपासून होती हे खरं, पण तिला दात आले ते पेन्शनमुळे. पुढे १९१० मध्ये त्याच फाउंडेशनने मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरला कॉलेजं तपासायला लावलं, त्याने प्रोफेसरांचं कामही विद्यार्थी गुणिले तास असं मोजा म्हणून सांगितलं, कारखान्यासारखं. फुकट पेन्शन काही टिकलं नाही, पैसे पुरेनात, १९१८ मध्ये वर्गणीवाली वेगळी व्यवस्था करावी लागली. तासाचं माप मात्र राहिलंच.

आज काय आहे? कॉलेजात तेच तासाचं माप क्रेडिट म्हणून चालतं. डिग्रीला १२० क्रेडिट, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या अंडरग्रॅज्युएटला सेमिस्टरला १२ क्रेडिट, सरकारी मदत क्रेडिटवर, मास्तरांचं लोड क्रेडिटवर. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१० मध्ये एका क्रेडिटची व्याख्या केली, आठवड्याला एक तास वर्गात, दोन तास बाहेर, असे साधारण १५ आठवडे. बाहेरचे ते दोन तास आता चॅटजीपीटी बसतं हे तुम्हालाही माहितीये. पेशंट किती दिवस ऍडमिट होता त्यावरून तो बरा झाला का हे ठरवण्यातली गत आहे ही.

हे मला इतकं का लागतं? मी सांगलीतनं बीएस्सी केलं आणि इथल्या एका युनिव्हर्सिटीने कळवलं की शाळेची बारा आणि डिग्रीची तीन मिळून तुमची १५ वर्षं होतात, आम्हाला १६ लागतात. तुला टायट्रेशन येतं का, एक रेणूचं चित्र काढून दाखव, असं कुणी एका शब्दाने विचारलं नाही, फक्त वर्षं. मग पुण्यात एमएस्सीचं पहिलं वर्ष केलं तेव्हा कुठे फाइल हलली. आमच्या बॅचच्या कितीतरी मुलामुलींचं स्वप्न तिथेच मोडलं, घरी आणखी एका वर्षाचे पैसे नव्हते. आणि आता भारतात २०२० च्या शिक्षण धोरणात चार वर्षांची ऑनर्स डिग्री आलीये, तर इकडे तीन वर्षांची मागणी चाललीये! इथल्या इथे कॉलेज बदलणाऱ्यांचंही तेच. सरकारी कारभार तपासणाऱ्या जीएओ या सरकारच्याच संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं की २००४ ते २००९ मध्ये कॉलेज बदललेल्या मुलांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाया गेली. शिकलेलं डोक्यातनं गेलं होतं का त्यांच्या?

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. बरं, मूळ विषय, भरभर सांगतो.

२०२३ मध्ये बीवाययू-आयडाहो आणि एन्साइन कॉलेजला ९० ते ९४ क्रेडिटांच्या बॅचलर डिग्रीला मान्यता मिळाली, नंतर जॉन्सन अँड वेल्सलाही तीन वर्षांची मिळाली. खर्च वाचतो, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण वाचवलं काय, तर इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचे जादा विषय. म्हणजे केमिस्ट्रीवाल्याने इतिहासाचा वर्ग करायचा नाही. हे मला अजिबात मान्य नाही. तास कमी केले, मोजणं तासातच ठेवलं.

दुसरी बाजू वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीची. १९९७ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांनी काढली, येत असेल तर परीक्षा दे आणि पुढे जा. तर २०१७ मध्ये शिक्षण खात्याच्या ऑडिटने म्हटलं की मास्तर-विद्यार्थी संपर्क नियमात बसत नाही, सरकारी विद्यार्थी-मदतीचे ७१.३ कोटी डॉलर परत करा. २०१९ मध्ये खात्याने ते सोडून दिलं, पण धाक बसायचा तो बसला. २०२५ च्या नव्या कायद्यात ८ ते १५ आठवड्यांच्या कोर्सला पेल ग्रँट, म्हणजे गरजू मुलांना परत न करायची सरकारी मदत, मिळणार, त्यात ७० टक्के मुलांना काम लागलं पाहिजे अशी अट आहे, चांगली आहे, पण कोर्स निदान १५० तासांचा पाहिजे, म्हणजे पुन्हा तासच. कार्नेगी फाउंडेशनचेच आताचे प्रमुख म्हणतात की हे युनिट बदला!

मग करायचं काय? स्वार्थमोर कॉलेज बघा. १९२२ पासून त्यांच्या ऑनर्सच्या मुलांची शेवटची परीक्षा बाहेरचे परीक्षक येऊन घेतात, लेखी आणि तोंडी. आपल्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल यायचे, आठवतंय ना, हातपाय गार पडायचे, पण आपल्या सरांनी आपल्याच पोरांना मार्क वाटले असं कुणाला म्हणता यायचं नाही. हे सगळ्या कॉलेजांत, प्रत्येक मेजरला म्हणजे मुख्य विषयाला करा. ज्याला तीन वर्षांत येतं त्याने तीन वर्षांत द्यावी, ज्याला पाच लागतात त्याने पाच घ्यावीत, आणि सांगलीच्या पोरालाही त्याच परीक्षकापुढे बसू द्या. खर्च येईल, परीक्षक मिळवणं अवघड आहे, मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत तर फारच, पण फुटबॉल कोचांना लाखो डॉलर देणाऱ्यांनी पैसे नाहीत म्हणू नये.

येत्या उन्हाळ्यात कॅम्पस टूरला जाल तेव्हा डायनिंग हॉल बघून झाला की एवढं विचारा, माझी मुलगी शेवटी काय शिकली हे तिच्या स्वतःच्या प्रोफेसरांशिवाय कोण तपासणार आहे? आता प्रश्न घेऊ, तिसऱ्या रांगेतल्या काकूंचा हात केव्हापासून वर आहे.