पदवी भाषाविज्ञानाची, पाटी दुसऱ्याच नावाची

(दृश्य: खंडणीच्या चिठ्ठीचा कागद. कॅमेरा अक्षरांवरून सावकाश सरकतो.)

भाषाविज्ञान शिकलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला: किती भाषा येतात? दुसराही ठरलेला: मग पुढे काय? पहिल्याचा या विषयाशी फारसा संबंध नाही. दुसऱ्याकडे एका चिठ्ठीच्या वाटेने जाऊ.

अमेरिकेतलं अपहरणाचं प्रकरण. खंडणीची चिठ्ठी भाषावैज्ञानिक रॉजर शाय यांच्यापुढे आली. 'कॅन'सारख्या सोप्या शब्दाचं स्पेलिंग 'के'ने सुरू केलेलं, पण 'प्रेशस', 'डायपर' हे शब्द बिनचूक! शाय यांनी ताडलं, माणूस शिकलेला आहे, अडाणीपणाचं सोंग घेतोय. पैसे ठेवायचे होते 'डेव्हिल स्ट्रिप'वर. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्याला हे नाव ओहायोतल्या ॲक्रनच्या परिसरात वापरतात. संशयितांच्या यादीत ॲक्रनचा शिकलेला माणूस एकच निघाला. पुढे त्याने कबुली दिली.

शाय यांनी जे केलं, त्याचा पाया पहिल्याच वर्षी घातला जातो: माणूस काय म्हणतो ते क्षणभर बाजूला ठेवायचं आणि कसं म्हणतो ते पाहायचं. गुन्ह्याच्या तपासात भाषेचा पुरावा तपासणाऱ्या या शाखेचं 'फोरेन्सिक भाषाविज्ञान' हे नाव भाषावैज्ञानिक यान स्वार्टविक यांच्या १९६८ च्या अभ्यासातून पुढे आलं. मात्र केवळ यावर पोट भरणारे थोडेच. बहुतेक जण विद्यापीठात शिकवतात आणि अधूनमधून एखादं प्रकरण हाती घेतात.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर आवाजाची लाट.)

जास्त जागा आहेत त्या यंत्रांना बोलायला आणि ऐकायला शिकवण्याच्या कामात. पण जाहिरातीत 'भाषावैज्ञानिक' शोधत बसलात, तर हाती फार लागणार नाही. तिथे लिहिलेलं असतं डेटा ॲनालिस्ट, ॲनोटेशन लीड (भाषेच्या नमुन्यांवर खुणा करणाऱ्यांचा प्रमुख), कॉन्व्हर्सेशन डिझायनर (यंत्राचे संवाद आखणारा). स्वनिम (अर्थ बदलणारे ध्वनी) आणि वाक्यविन्यास (वाक्याची रचना) पक्का हवाच, पण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत नसेल तर दार अर्धवटच उघडतं. हे शिक्षण संपायच्या आत उमगलं तर बरं.

कोशनिर्मिती, अनुवाद, भाषाशिक्षण या वाटा जुन्या आणि ओळखीच्या. वाचा-उपचाराबाबत, म्हणजे बोलण्यातल्या अडचणींवरच्या उपचारांबाबत मात्र गैरसमज फार. १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी जवळपास 'टॅन' एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासला, तेव्हापासून भाषा आणि मेंदू यांचं नातं अभ्यासलं जातंय. तरी भाषाविज्ञानाच्या नुसत्या पदवीवर रुग्ण तपासता येत नाही. त्यासाठी वेगळं शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि बहुतेक देशांत परवाना लागतो.

आणि पीएचडी? अमेरिकेत साधारण पाच वर्षं किंवा जास्त, बहुधा शिकवण्याच्या जबाबदारीसह. नेदरलँड्स, जर्मनीत तीन-चार वर्षं, आणि बरेचदा पगारी नोकरी म्हणून. प्राध्यापकाच्या जागा सगळीकडेच मोजक्या, म्हणून अर्ज करताना विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण आणि पैसा कुठून येणार, हे आधी विचारावं.

जगात सुमारे सात हजार भाषा आहेत आणि त्यांतल्या अनेकींचं धड व्याकरणही लिहिलेलं नाही. ते लिहायचं तर गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रण करायचं, मग महिनोन् महिने ते उलगडत बसायचं. त्यासाठी वापरलं जाणारं 'प्राट' हे आवाज तपासण्याचं मोफत सॉफ्टवेअर ॲम्स्टरडॅममधल्या दोन स्वनवैज्ञानिकांनी, म्हणजे उच्चारांच्या अभ्यासकांनी बनवलं. या डच शब्दाचा अर्थ 'बोलणं'.

(दृश्य: हेडफोन लावलेली विद्यार्थिनी. तेच दोन सेकंद पुन्हा वाजतात.)

शब्दाच्या शेवटी 'ह' आहे, की नुसताच श्वास? ती पुन्हा ऐकते.