पोलो-व्हेंटोचं कोडिंग: एका टिकने काय सुरू होतं आणि कशाला पार्टच लागतो

[कॅमेरा ड्रायव्हरच्या दारातून आत. टॉर्चचा उजेड स्टिअरिंगखाली.]

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला हात फिरवा. सोळा पिनांचं हे सॉकेट लागेल. हा ओबीडी पोर्ट. मेकॅनिक इथे स्कॅनर लावतो तेव्हा आपल्याला वाटतं, तो नुसता बिघाड वाचतोय. पण याच वाटेने गाडीत लिहिताही येतं. रिमोटचं बटण दाबून धरलं की काचा खाली. इग्निशन ऑन केलं की मीटरचे काटे टोकापर्यंत जाऊन परत. टायरची हवा कमी झाली की मीटरवर दिवा. पोलो, व्हेंटो, रॅपिडमध्ये यातलं बरंच काही गाडीत असूनही बंद असतं, आणि ते सुरू करायला एक स्क्रूही सोडवावा लागत नाही.

बरंच काही म्हणतोय, सगळं नाही. लोकांचे पैसे याच फरकात बुडतात.

कंपनी बंद का ठेवते? चाकणच्या कारखान्यात २००९ पासून पोलो बनली, मग व्हेंटो, मग रॅपिड. प्रत्येक देशासाठी आणि प्रत्येक व्हेरियंटसाठी वेगळा कंट्रोल युनिट बनवण्यापेक्षा एकच बनवायचा आणि आत नोंद करायची की या गाडीत फॉग लॅम्प आहेत, स्टिअरिंग उजवीकडे आहे, मागच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत. ही नोंद म्हणजे कोडिंग. त्यात सॉफ्टवेअर बदलत नाही, त्यातल्या खुणा बदलतात. सॉफ्टवेअरच नवं चढवणं म्हणजे फ्लॅशिंग. ते वेगळं काम, त्यातला धोकाही वेगळा, आज त्याला हात लावायचा नाही.

(याच सोयीचा धंदाही होतो. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये दक्षिण कोरियात सीट गरम करायचं महिन्याचं भाडं लावलं होतं. हीटर सीटमध्ये बसवलेला, चालू करायचे पैसे वेगळे. लोक इतके भडकले की पुढच्या वर्षी कंपनीने तो विचार सोडला. पुण्याच्या मे महिन्यात सीट गार करून देणार असतील, तर गोष्ट वेगळी.)

[स्क्रीनवर: आठ चौकोनांची एक ओळ]

आता खूण म्हणजे नेमकं काय ते बघा, कारण पुढचं सगळं यावर आहे. गाडीत असे कंट्रोल युनिट अनेक, त्यांनाच मॉड्यूल म्हणतात, आणि प्रत्येक मॉड्यूलला एक क्रमांक असतो. इंजिन ०१, एबीएस ०३, सेंट्रल इलेक्ट्रिक (दिवे, काचा सांभाळणारा बॉडी कंट्रोल मॉड्यूल) ०९, एअरबॅग १५, मीटर १७. मॉड्यूलच्या आत लांबलचक कोड असतो, तो बाइटमध्ये तोडलेला. एका बाइटमध्ये आठ बिट, ० ते ७, आणि प्रत्येक बिट म्हणजे एक स्विच. समजा मीटरच्या बाइट १ मध्ये '०ए' लिहिलंय (हेक्स पद्धतीत, जिथे ९ नंतर ए, बी येतात). ते उलगडलं की ००००१०१०. काटे फिरण्याचा बिट बहुतेक सगळ्यात उजवीकडचा, म्हणजे बिट ०. तो चालू केला की ००००१०११, म्हणजे '०बी'. फक्त एक आकडा बदलला.

म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा अख्खा कोड आपल्या गाडीत चिकटवायचा नाही. 'माझ्या हायलाइनमध्ये चालला, घे' असं म्हणून कुणी स्क्रीनशॉट पाठवतो (हायलाइन म्हणजे वरचा व्हेरियंट). त्यात त्याच्या गाडीचे दिवे, त्याच्या काचा, त्याचे सेन्सर सगळं लिहिलेलं असतं. युरोपातल्या गाडीचा असेल तर डावीकडचं स्टिअरिंगसुद्धा. मग तुमच्या मीटरवर नसलेल्या बल्बची तक्रार येत राहते. आपल्या कोडमधला आपला एक बिट बदला, बाकी जसंच्या तसं.

[टेबलावर दोन उपकरणं]

साधनं दोन प्रकारची. रॉस-टेकचं व्हीसीडीएस: केबल, लॅपटॉप, आणि प्रत्येक बिटसमोर त्याचं काम लिहिलेलं. दुसरं ओबीडीइलेव्हन: ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल ॲप. त्यात तयार बटणं असतात, प्रत्येकाला क्रेडिट लागतात. बिट हाताने बदलायचे तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो. चारपाचशे रुपयांचा ईएलएम ३२७ हा साधा डोंगल बिघाड वाचतो, पण या कामाचा नाही. व्हीसीडीएसच्या नकली केबल बाजारात भरपूर मिळतात. त्या जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या असतात, आणि सॉफ्टवेअर अपडेट केलं की अनेकदा बंद पडतात.

आता काम. पायरी सोडू नका.

बॅटरी आधी. इंजिन बंद, इग्निशन ऑन, ब्लोअर आणि हेडलाइट बंद. मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं तर आधी चार्ज करा, किंवा चार्जर जोडूनच बसा. इग्निशन ऑन ठेवून अर्धा तास इकडेतिकडे बोटं लावली की जुनी बॅटरी खाली येते, आणि लिहिताना मध्येच संपर्क तुटतो. मोबाइलवर करत असाल तर स्क्रीन लॉक आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

मग पूर्ण स्कॅन. सगळ्या मॉड्यूलचे बिघाड आणि सगळ्या मॉड्यूलचा मूळ कोड सेव्ह करा, एक प्रत मेलवर टाका. दहा मिनिटं जातात. एवढं एकच काम नीट केलं असेल तर पुढची जवळजवळ कुठलीही चूक मागे घेता येते.

मग एका वेळी एकच बदल. बदल केला की इग्निशन बंद, किल्ली बाहेर, गाडी लॉक, दोनेक मिनिटं थांबा, परत उघडून तपासा. पाच बदल एकदम केले आणि इंडिकेटर बिघडला, तर कुठल्या बदलाने बिघडला ते कळत नाही. शेवटी परत स्कॅन करून आधीच्या स्कॅनशी ताडून बघा. नवा बिघाड दिसला तर पुसायच्या आधी लिहून घ्या.

[कट. गाडीबाहेर, हातात रिमोट.]

कशाला काय लागतं ते आता बघू. काटे फिरणं: मीटर १७, वर सांगितलेला बिट. स्वस्त मीटरमध्ये तो नसतो. व्हीसीडीएसमध्ये त्या बिटसमोरचं वर्णन वाचा. वर्णनच नसेल तर टिक करू नका.

रिमोटने काचा: मॉड्यूल ०९. पण चारही काचा पॉवरच्या हव्यात आणि वर जाताना बोट अडकलं की मागे फिरणाऱ्या हव्यात. ती सोय नसलेली काच रिमोटने बंद करणं म्हणजे कुणाच्या तरी मुलाची बोटं पणाला लावणं. मागे हँडलवाल्या काचा असतील तर मोटरच नाही, विषय संपला. खालच्या व्हेरियंटमध्ये कधीकधी बॉडी कंट्रोल मॉड्यूलच साधा असतो. त्याचा पार्ट नंबर स्कॅनमध्ये दिसतो, तो आधी बघा.

टायरची हवा: यात टायरमध्ये सेन्सर नसतो. हवा कमी झाली की चाकाचा घेर थोडा घटतो, ते चाक जास्त वेगाने फिरतं, आणि हा फरक एबीएसचे सेन्सर पकडतात. म्हणून एबीएस युनिटच्या सॉफ्टवेअरमध्ये ती क्षमता हवी, ०३ आणि १७ दोन्हीकडे कोडिंग हवं, आणि हवा भरून झाल्यावर नवं माप बसवायला मेनू किंवा बटण हवं. एकाच मॉड्यूलमध्ये केलं तर दिवा पेटतो आणि पेटलेलाच राहतो. एक्सडीएस, म्हणजे वळणात आतलं चाक घसरू न देणारी सोय, फक्त ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत. नुसत्या एबीएसवाल्या गाडीत ब्रेक स्वतःहून दाबायला पंपाची सोय नसते.

क्रूझ कंट्रोलबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, आणि गैरसमजही तिथेच जास्त. कोडिंगने क्रूझ येत नाही. आधी बटणं असलेली इंडिकेटरची दांडी बसवायची, गरज असेल तिथे वायर इंजिनच्या ईसीयूपर्यंत (त्याच्या कंट्रोल युनिटपर्यंत) ओढायची, मग कोडिंग. जुन्या ईसीयूत ०१ उघडून लॉगिनला ११४६३ टाकला की क्रूझ सुरू होतो, १६१६७ ने बंद होतो. दांडी बदलायला एअरबॅग काढावी लागते. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, काही मिनिटं थांबा, मग हात लावा. एअरबॅगचा कनेक्टर सुटा असताना इग्निशन ऑन केलं तर मॉड्यूल १५ मध्ये बिघाड नोंदला जातो आणि दिवा तुम्ही पुसेपर्यंत जात नाही. हे काम स्वतः करू नका, असंच सांगेन.

[स्क्रीनवर: ३१, ३३, २२]

लिहिताना गाडी नाही म्हणाली तर तीनच आकडे बहुतेक दिसतात. ३१ म्हणजे हे मूल्य मला चालत नाही, बहुधा तुमच्या मॉड्यूलमध्ये ती सोयच नाही. ३३ म्हणजे आधी सिक्युरिटी कोड द्या. २२ म्हणजे परिस्थिती योग्य नाही: इंजिन चालू आहे, गाडी हलतेय. काही नव्या गाड्यांत बॉनेट उघडं असावं लागतं, ते बंद असलं तरी २२ येतो. ३१ वर हट्ट करून वेगवेगळे आकडे टाकत बसू नका.

आता कमेंटमध्ये येणारच: १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत ८० च्या पुढे होणारी बीप आणि सीटबेल्टचा आवाज कसा बंद करायचा? इथे दाखवणार नाही. ते नियमाने बसवलेलं आहे, आणि बेल्टचा आवाज बंद करून वाचतं काय? बेल्ट लावायचा त्रास.

सर्व्हिस सेंटरचं काय? कोडिंग बदललं की मॉड्यूलमध्ये वर्कशॉप कोडची (लिहिणाऱ्या उपकरणाच्या ओळख-क्रमांकाची) नोंद राहते, म्हणजे कुणी हात लावलाय हे दिसतं. त्यांनी कंपनीच्या सर्व्हरशी गाडी ताडून बघितली, तर मूळ कोडिंग परत बसू शकतं आणि तुमच्या काचा रिमोटला ओळखेनाशा होतात. वॉरंटीत असाल तर काटे फिरवण्यापलीकडे जाऊ नका. ज्या मॉड्यूलला हात लावला त्याच्याच क्लेमवर वाद होतो.

आणि गाडी नवी असेल, ऑक्टाव्हियाची २०२१ ला भारतात आलेली पिढी म्हणा, तर एसएफडी आडवं येतं. मॉड्यूलला कुलूप, त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून ऑनलाइन येते, आणि एकदा उघडलं की ९० मिनिटांनी परत बंद. अशा गाडीत घरच्या घरी बिट फिरवण्याचे दिवस जवळपास गेले.

झालं की डोंगल काढा. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी बंद असतानाही. आठवडाभर पार्किंगमध्ये लावून ठेवलं तर सोमवारी धक्का मारायला शेजाऱ्याला बोलवावं लागेल.