दूझेचा एकमेव चित्रपट

नमस्कार श्रोतेहो. एलेओनोरा दूझे हे नाव आता फारसं कानावर पडत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही इटालियन नटी विख्यात फ्रेंच नटी सारा बर्नहार्टच्या तोडीची मानली जायची. १९०९ साली तिनं रंगभूमी सोडली. पुढे १९१६ मध्ये, साठीकडे झुकलेली असताना, तिनं एक मूकपट केला. आयुष्यातला तेवढाच एक. त्याचं नाव 'चेनेरे', म्हणजे राख.

कथा ग्रात्सिया देलेद्दाच्या कादंबरीवरून घेतलेली. देलेद्दा सार्डिनिया बेटावरची, पुढे तिला १९२६ चं नोबेल मिळालं. रोझालियाला लग्नाशिवाय मूल होतं. त्याचं भलं व्हावं म्हणून ती त्याच्या गळ्यात ताईत बांधते, त्याला बापाच्या दारी सोडते आणि निघून जाते. मुलगा शिकतो, मोठा होतो, लग्न ठरतं, आणि तो आईला शोधून काढतो. आपल्यामुळे त्याचा संसार मोडेल, हे उमगल्यावर ती जीव देते.

पडद्यावर हे सगळं जेमतेम अर्ध्या तासात उरकलंय, त्यामुळे कादंबरीतली वर्षं भराभर निघून जातात. दिग्दर्शक फेबो मारी स्वतःच मुलाच्या भूमिकेत आहे आणि त्याचा अभिनय मला फार भडक वाटतो. पण दूझे आली की नजर तिच्यावरून हलत नाही.

त्या काळी इटलीत पडद्यावरच्या नायिका डोळे विस्फारत, छातीवर हात दाबत, खिडकीच्या पडद्याला धरून कोसळत. चेहरा शक्य तितका कॅमेऱ्यासमोर! दूझे मात्र कितीदा तरी पाठमोरी उभी असते, डोक्यावरून ओढलेल्या शालीत अर्धा चेहरा सावलीत ठेवते. केस पांढरे, ते तिनं लपवलेले नाहीत. रंगभूमीवरही ती रंगरंगोटी टाळायचीच. बोलायचं ते सगळं हात बोलतात. मुलाला जवळ घ्यावंसं वाटतंय आणि लाजही वाटतेय, अशी ही आई आहे; तिनं तोंड लपवणं किती खरं वाटतं! ज्या बाईला जगानं तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, तिचा क्लोजअप काढून काय मिळणार होतं?

त्या वेळच्या प्रेक्षकांना हे रुचलं नाही. युद्धाचे दिवस होते, चित्रपट पडला. १९२१ साली दूझे रंगभूमीवर परतली आणि १९२४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना पिट्सबर्गला वारली. तिची गाजलेली नाटकं आता कुणालाच बघता येणार नाहीत. तिचा अभिनय आपल्या डोळ्यांनी पाहायचा, तर ही एवढीच चित्रफीत आहे. म्हणून आवर्जून सांगते, 'चेनेरे' कुठे दाखवणार असतील तर चुकवू नका, आणि त्या मायलेकांच्या भेटीत मुलाकडे नाही, आईच्या हातांकडे बघा.